भरतीचं गणित: मुलांच्या साहस कादंबरीच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

कादंबरी सुरू. वाचक नऊ ते तेरा वर्षांचा. वीस-बावीस प्रकरणं धरली आहेत, प्रत्येक पंधराशे शब्दांच्या आसपास. घरात कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तर एका बैठकीत एक प्रकरण संपावं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

नोंदी ठेवते आहे त्या अशाच कामाला हात घालणाऱ्यांसाठी. मुलांसाठी भाषा सोपी कशी ठेवावी यावर पुष्कळ ऐकायला मिळतं. गोष्ट मधेच अडकली तर कुठला खिळा सैल करायचा, हे फारसं कुणी सांगत नाही.

सध्याची गोष्ट: किनाऱ्यापासून जरा आत, समुद्रात किल्ला. ओहोटीला पायी जाता येतं. मुक्ता बारा वर्षांची, तिचा भाऊ ओम नऊ वर्षांचा, आतेभाऊ रघू तेरा वर्षांचा आणि गावातलाच. कोजागिरीच्या रात्री बारा वाजता तिघं चांदण्यातून चालत किल्ल्यावर जातात आणि तिथे तस्करांना गाठ पडतात.

९ जानेवारी

लिहिण्याआधी नकाशा. गाव, पुळण, खडपं, किल्ल्याची वाट, दरवाजा, विहीर, बुरूज. रेघा ओबडधोबड आहेत, पण अंतरं पावलांत लिहिली आहेत. नऊ वर्षांच्या मुलाची पावलं, मोठ्या माणसाची नाहीत.

आर. एल. स्टीव्हनसनची खजिन्याच्या बेटाची कादंबरी १८८१ मध्ये नकाशातूनच सुरू झाली. तो मूळ नकाशा पुढे प्रकाशकाकडे जाताना हरवला आणि त्याला आपल्याच मजकुरातले सगळे उल्लेख गोळा करून, त्यांच्याशी जुळणारा नकाशा पुन्हा काढावा लागला. पहिला काढताना हात मोकळा होता, दुसऱ्या वेळी प्रत्येक वाक्य हात धरत होतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून नकाशाच्या मागे यादी ठेवली आहे: कुठल्या प्रकरणात कुठली जागा आली, कोण कुठल्या दिशेने चाललं. प्रकरण संपलं की यादीत भर. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नये.

१८ जानेवारी

कामाची पद्धत बसली. पहाटे साडेपाच ते साडेसात. हाताने, दुरेघी वहीत. उजव्या पानावर गोष्ट, डाव्या पानावर घड्याळ आणि खिसे. घड्याळ म्हणजे त्या प्रसंगात किती वाजले आहेत. खिसे म्हणजे कुणाजवळ काय आहे: बॅटरी, दोरी, पाण्याची बाटली, चपला. साहसकथेत वस्तू हरवतात त्या लेखकाच्या हातून. प्रकरण तीनमध्ये ओमच्या हातातली बॅटरी प्रकरण पाचमध्ये रघूकडे सापडली, ती डाव्या पानामुळे पकडली गेली.

आदल्या दिवसाचं फक्त शेवटचं पान वाचते. पहिल्यापासून वाचायला घेतलं की सकाळ दुरुस्तीत जाते.

सहा प्रकरणं झाली. फार सहज चाललं आहे.

१ फेब्रुवारी

अलिबागला जाऊन कुलाबा किल्ला पाहिला. माझा किल्ला काल्पनिक असला तरी त्याचे पाय कुलाब्याच्या वाळूत आहेत. ओहोटीला लोक चालत जातात, घोडागाड्याही जातात. शेजारी छोटा सर्जेकोट. आत गोड्या पाण्याचा साठा आहे आणि खारट समुद्राने वेढलेल्या जागी त्यावरच सगळं टिकलेलं आहे. तटाचे प्रचंड दगड चुना न भरता एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींतून शिरतं आणि तिचा जोर मोडतो.

वाट चालताना पायांना कळलं ते नकाशात नव्हतं. तळ सपाट नाही. किनारा आणि किल्ला यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा आहे, तिथे ओहोटीतही ओल राहते. पाणी परत येतं ते आधी त्या पट्ट्यात. म्हणजे किल्ल्यापाशी पाय कोरडे असतात तेव्हाच मागची वाट बंद व्हायला लागलेली असते.

परतताना जाळं विणत बसलेल्या एका कोळी काकांना माझा प्रसंग सांगितला: कोजागिरी, रात्रीचे बारा, मुलं चालत निघाली. त्यांनी शांतपणे विचारलं, "पोहत का?"

३ फेब्रुवारी

काकांचं गणित इथे लिहून ठेवते. किनारपट्टीवर ते घरोघरी ठाऊक आहे, पण आत राहणाऱ्याच्या कानावर येत नाही. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. पूर्ण भरतीच्या सहा तासांहून थोडं आधी आणि तितकंच नंतर पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, पण गोष्ट उभी राहते की कोसळते हे सांगायला पुरेसा.

माझी कोसळली. कोजागिरीला रात्री बारा वाजता पाणी सर्वांत वर असतं, आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, त्यामुळे नेहमीपेक्षाही वर. सहा प्रकरणं ज्या प्रसंगाकडे चालली होती तो प्रसंग त्या समुद्रात घडूच शकत नाही.

७ फेब्रुवारी

डागडुजी करून पाहिली. मध्यरात्रीच ओहोटी हवी तर अष्टमी घ्यावी लागते: भरती सहाला, ओहोटी बाराला. पण अष्टमीला भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. वाट उघडतच नाही. शिवाय शुद्ध अष्टमीला मध्यरात्री चंद्र मावळतीला आलेला असतो, चांदणंही गेलं.

काल्पनिक किल्ला आहे, काल्पनिक ओहोटी का नको, असं एका मित्राने सुचवलं. नको. किनाऱ्यावरची मुलं हे पुस्तक वाचणार आहेत आणि त्यांना पाऊणपट येते. ज्या मुलाला खरं माहीत आहे तेच मूल पहिल्यांदा पुस्तक मिटतं. आणि ज्याला माहीत नाही ते माझ्यावर विश्वास ठेवून किनाऱ्यावर जाईल, हे जास्त गंभीर आहे.

सहाही प्रकरणं बाजूला. महिन्याभराच्या सकाळी गेल्या. नकाशा, खिशांची यादी आणि तिघांचं बोलणं शिल्लक आहे.

१६ फेब्रुवारी

आता उलटीकडून. आधी तक्ता, मग गोष्ट. वर्षातल्या शाळेच्या सुट्ट्या एका रकान्यात, उधाणाचे दिवस दुसऱ्यात, ओहोटीच्या वेळा तिसऱ्यात. पावसाळा सरळ बाद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते आणि त्या दिवसांत मुलांना पाण्यात उतरवणं मला पटणारं नाही.

दिवाळीवर बोट थांबलं. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाण पदरात. पाडव्याला प्रतिपदा: भरती पाऊणला, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसहाच्या सुमारास. भाऊबीजेला द्वितीया: ओहोटी सव्वासातला. तृतीयेला आठला. सगळ्यांत मोठी ओहोटी बहुधा अमावास्येच्या दिवशी नसते, एक-दोन दिवसांनी येते, हेही सोयीचं. मुलं आत्याकडे आलेली, पहाटे उठलेली, घरातली मोठी माणसं फराळात आणि पाहुण्यांत गुंतलेली. रोज वाट पाऊण तास उशिरा उघडते आणि चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाची एस.टी. पकडून परत जायचं आहे.

हे मी रचलं नाही. तक्त्यात होतं.

२ मार्च

तस्कर काढून टाकले. ते होते तोवर प्रत्येक प्रकरणात कुणीतरी कुणालातरी पकडत होतं आणि मुलांच्या हुशारीपेक्षा चोरांच्या बावळटपणावर गोष्ट पुढे सरकत होती. आता समोर फक्त पाणी आहे. पाणी फसवत नाही आणि गयही करत नाही. त्याचा नियम मुलाला गणित करून कळू शकतो, म्हणून वाचणारं मूल मुक्ताबरोबर स्वतः हिशेब मांडू शकतं. मुलांच्या साहसकथेत संकट असं असावं की वाचकाला ते मोजता येईल. माझ्यापुरतं हे आता पक्कं झालं.

पाणी कसं चढतं तेही लिहून ठेवते. ओहोटीनंतरच्या सहा तासांत ते सारख्या वेगाने येत नाही. चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. आठला ओहोटी असेल तर नऊपर्यंत समुद्र हललाच नाही असं वाटतं. मुलांची गफलत नेमकी त्या तासात होणार. शेवटून चौथं प्रकरण याच आकड्यांवर बेतलं आहे.

२१ मार्च

मोबाइल. आजच्या गोष्टीत तो प्रत्येक साहसाचा गळा धरतो. बॅटरी संपली, रेंज गेली, हे दोन्ही उपाय वाचकाला आधीच पाठ असतात. फोन असू द्यायचा आणि त्याला काम द्यायचं, असं ठरवलं. रघूचा नियम: भिजून चालणार नाही ती वस्तू वाटेवर न्यायची नाही. म्हणून आईचा फोन किनाऱ्यावर चपलांत ठेवला आहे, त्यात परतायच्या वेळेचा गजर लावला आहे. गजर वेळेवर वाजतो. तिघंही तेव्हा तटाच्या आत.

मोठ्या माणसांचंही तसंच. आईवडिलांना गावाला पाठवणं, आजारी पाडणं, वेंधळं दाखवणं मला नको होतं. आत्या हुशार आहे, ती मुलांना विचारते आणि मुलं खरं उत्तर देतात: "किनाऱ्यावर जातोय." अर्धंच खरं, पण खोटं नाही. पुढे ते अर्धं त्यांना जड जातं.

११ एप्रिल

खुणेवर अडकले. मूळ बेत असा होता की तटाच्या बाहेरच्या अंगाला दगडात जुनी खूण कोरलेली, ओहोटीला दिसणारी. मुरुडजवळच्या पद्मदुर्गाचे फोटो पाहिले आणि बेत सोडला. तिथे लाटांनी दगड खोल झिजलेत आणि मधला चुना मात्र तसाच उभा आहे. साडेतीनशे वर्षं समुद्राचा मार खाणाऱ्या दगडावर कोरलेली रेघ मुलाच्या बोटाला लागेल असं मला लिहवेना.

खूण कागदावर नेली. आत्याच्या घरातल्या जुन्या पेटीत मोडीतलं पत्र. शिलालेख सहसा बालबोध, म्हणजे देवनागरी लिपीत, रोजचं लिखाण मोडीत, त्यामुळे हे बसतंही बरोबर. पत्रात किल्ल्याच्या चोरदरवाजाच्या उंबऱ्याचा उल्लेख आहे. तो उंबरा फक्त मोठ्या ओहोटीला उघडा पडतो.

१९ एप्रिल

मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना भेटले. पत्राचा मसुदा दाखवला, त्यांनी बरंच सुधारलं. मोडी लिहिताना आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ आखून घेतात आणि मग अक्षरं लोंबकळवतात, हे ओमला आवडेल. पण खरी भेट तारखेत मिळाली. मराठेशाहीतल्या कागदांत तारीख पुष्कळदा हिजरी महिन्याने असते आणि आकड्याआधी ‘छ’ येतो, म्हणजे चंद्र. ‘छ १’ म्हणजे चंद्र दिसल्यावरचा पहिला दिवस, आणि तो दिवस सूर्यास्ताला सुरू होतो.

घरी येऊन तक्ता उघडला. अमावास्येनंतर चंद्रकोर साधारण द्वितीयेच्या संध्याकाळी दिसते. म्हणजे भाऊबीज. तिथून ‘छ १’ सुरू, आणि त्यातली सकाळ तृतीयेची. ओहोटी आठला. लख्ख उजेड, एस.टी. साडेदहाला.

मधली सगळी प्रकरणं यातून उलगडली. मुलांना ‘छ १’ म्हणजे पहिलं छप्पर वाटतं. पाडव्याच्या सकाळी ती किल्ल्यातल्या पडक्या छपरांत शोधत बसतात आणि रिकाम्या हाताने परततात. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर घरातले सगळे पुळणीवर कोर बघायला येतात, तिथे ओमला उमगतं. तो आकडा वस्तूचा नाही, दिवसाचा आहे. आणि दिवस कळला की पाऊणपट करून वेळ कळते. मधल्या भागासाठी मला वेगळी घटना शोधावी लागली नाही.

६ मे

तेरा प्रकरणांचा कच्चा खर्डा. रोजचा वेग कमी आहे, कारण प्रत्येक प्रसंगाला डाव्या पानावर आता तीन घड्याळं आहेत: मुलांचं, घरातल्यांचं, पाण्याचं. पण पान फाडावं लागत नाही.

गावाचं नाव काल्पनिक ठेवलं, तिथे जाणारा रस्ता खरा ठेवला. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा आहे हे वाचकाच्या डोक्यातून कधी जात नाही, आणि त्यामुळे त्याच्या पुढच्या उड्या खऱ्या वाटतात. माझ्या किल्ल्याचं खरं नाव मात्र देणार नाही. कुठल्याही मुलाने पुस्तक हातात घेऊन तिथे ओहोटी मोजत उतरू नये.

१७ मे

सुट्टीत सोसायटीतली मुलं जमवून संध्याकाळी वाचन चालू आहे. "आवडलं का" असं विचारत नाही. उत्तर नेहमी हो असतं. वाचताना एक मैत्रीण मागे बसते आणि मुलं कुठे हलली, कुठे एकमेकांकडे बघितलं, कुठे पाणी प्यायला उठली, ते माझ्या प्रतीवर समासात टिपते. तिच्या खुणांवरून दिसलं ते असं.

आजोबा किल्ल्याचा इतिहास सांगतात ते प्रकरण पूर्ण पडलं. पानभर खुणाच खुणा. त्यातली माहिती मला प्रिय होती. चुन्याशिवाय रचलेल्या तटाची तेवढी ठेवली, तीही ओम फटीत बोट घालतो आणि पाणी आत खेचल्यासारखं वाटतं तिथे. बाकी सगळं गेलं.

ज्या वर्णनावर मी आठवडाभर बसले होते तिथे कुणी हललं नाही, पण कुणी ऐकतही नव्हतं. दोन मुली नखांचं रंगकाम बघत होत्या. तेही गेलं.

आणि प्रश्न. "चपला कुठे काढल्या?" "ओमला पोहता येतं का?" "त्यांनी सकाळी काय खाल्लं?" एकाही मुलाने "पत्र कुणी लिहिलं" असं विचारलं नाही. मुलं सामान तपासतात. ओमला पोहता येत नाही हे आता पहिल्याच प्रकरणात, विहिरीवरच्या प्रसंगात येतं. तिथे ते साधं आहे. शेवटाकडे नाही.

२९ मे

पाण्याचा मुख्य प्रसंग पुन्हा लिहिला. पहिल्या खर्ड्यात भीतीची विशेषणं होती: काळंकुट्ट, अजस्र, रौद्र. वाचनात मुलं आरामात बसून होती. नव्या खर्ड्यात एकही नाही. फक्त पाणी कुठवर आलं ते आहे: रघूच्या घोट्यावर, म्हणजे ओमच्या घोट्याच्या जरा वर. मग रघूच्या गुडघ्यावर. ओमचं वाक्य येण्याआधीच एक मुलगा म्हणाला, "म्हणजे त्याच्या मांडीपर्यंत." खोली एकदम गप्प झाली.

हे सगळ्यांत उपयोगी पडेल असं वाटतं: भीती लिहू नये, माप लिहावं. माप मुलं स्वतःच्या अंगावर लावून बघतात.

तिघं सुटतात ती हिमतीने नाही. मुक्ता ठरवते की वाट ओलांडायची नाही. परत फिरून तटावर चढायचं, पुढच्या ओहोटीपर्यंत थांबायचं आणि घरच्यांना दिसेल असं काहीतरी करायचं. एस.टी. जाणार, बोलणी बसणार. एका वाचकाला हे पळपुटेपणाचं वाटलं. मला यापेक्षा शूर निर्णय या पुस्तकात दिसत नाही, आणि तो बदलणार नाही.

२३ जून

पावसामुळे वाचनं बंद. टंकन चालू. हाताने लिहिलेलं टंकताना एक पंचमांश मजकूर गळला. बहुतेक प्रकरणांची सुरुवात. मी प्रत्येक वेळी सकाळ, वारा, आकाश यांनी सुरू करत होते. आता प्रकरण सुरू होतं ते कुणीतरी काहीतरी उचलताना, शोधताना किंवा विचारताना.

खर्च: प्रवास, मुक्काम, प्रिंट आणि वह्या धरून सात हजारांच्या आत. वेळेचा हिशेब वेगळा. तक्ता आधी केला असता तर जानेवारी वाचला असता. पण काकांच्या प्रश्नाशिवाय तक्ता करायचं सुचलं असतं असं वाटत नाही. म्हणून सांगणं एवढंच, की जागेवर पहिल्या प्रकरणाआधी जा आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला गोष्ट मोठ्याने सांगा.

१४ ऑगस्ट

भरती-ओहोटीच्या वेळा छापील तक्त्यांशी पडताळल्या. पाऊणपट आणि छापील वेळ यांत काही ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. दिवसाची आणि रात्रीची ओहोटी सारखी खोल नसते, हेही आकड्यांत दिसलं. कादंबरीत वर्ष दिलेलं नाही, त्यामुळे वेळा "सुमारास"वर ठेवल्या. रघूच्या तोंडी एक वाक्य घातलं: पाऊणपट सांगते कधी निघायचं, परत कधी फिरायचं ते पाय सांगतात.

३० ऑगस्ट

पूर्ण हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलं, एकवीस प्रकरणं. नकाशा चित्रकाराकडे. त्याने पाठवलेल्या पहिल्या प्रतीत खोलगट पट्टा किल्ल्याला चिकटून आला आहे. तो किनारा आणि किल्ला यांच्या मधोमध हवा, नाहीतर प्रकरण सतरामध्ये मुलं अडकतच नाहीत. मागची यादी स्कॅन करून त्याला पाठवली आहे. दुरुस्त नकाशा आला की चपला कुठे काढल्या तिथे एक फुली घालायची, तीही सांगून झाली.